वारणा बंद केल्यावर

नवं यंत्र उत्तम चाललंय असं सगळे एकमुखाने म्हणायला लागले, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मी मूळचीच संशयी. आमच्या ह्यांचं म्हणणं, मी गॅस बंद आहे की नाही ते तीनदा बघते आणि चौथ्यांदा त्यांना उठवून बघायला लावते. खरं आहे. पण मिरजेतल्या आमच्या विभागीय रक्तपेढीचे सर्व्हर मी बावीस वर्षं सांभाळले ते याच स्वभावावर. इथली एक नोंद चुकली तर माणूस जिवाला मुकतो, आणि गेलेला माणूस तक्रार करायला परत येत नाही. म्हणून ज्या दिवशी तक्रार नसते त्या दिवशी मी जास्त बघते.

तर वारणा. २०४३च्या मार्चमध्ये जिला कायमची रजा द्यायची होती ती माणसाच्या उंचीची, एकशेवीस डिस्कांची जुनी स्टोरेज. कृष्णा नावाच्या युनिक्स सर्व्हरला ती दोन जाड केबलींनी जोडलेली. (मशिनांना नद्यांची नावं द्यायची आमच्याकडे जुनी पद्धत. कोयना नावाचा एक प्रिंटरही होऊन गेला.) तिच्यात चौदा लाख माणसांच्या नोंदी होत्या. रक्तगट काय, कधी रक्त चढवलं, चढवल्यावर त्रास झाला का, कुठली अँटिबॉडी सापडली. पण महिन्याला दोन डिस्का मान टाकत होत्या आणि सुटे भाग मिळायचे बंद झाले होते.

तिच्या जागी आला होता बीजकोश, पाहुण्यांपुढे चिवडा ठेवतो त्या डब्याएवढा. त्याची करामत समजायला सोपी आहे. सतराचा पाढा पाठ असलेला माणूस सतराचे सगळे गुणाकार वहीत लिहून ठेवत नाही, लागेल तेव्हा काढतो. बीजकोश तसंच करतो. लाखो नोंदी वाचून तो त्यांतले नियम शिकतो, फक्त नियम जवळ ठेवतो, आणि कोणी नोंद मागितली की ती नव्याने तयार करून देतो. अर्थात माणूस म्हणजे सतराचा पाढा नव्हे. जिथे नियमाने काढलेली नोंद मूळ नोंदीशी जुळत नाही, तिथलं खरं उत्तर एका अपवादयादीत लिहिलेलं असतं. नियम अंदाज करतो आणि यादी त्याचा कान धरते. दोन्ही मिळून मूळ नोंद अक्षर न् अक्षर परत मिळते. गणित पक्कं आहे, त्यात मलाही खोट काढता आली नाही.

बीजकोश बसवायला कंपनीने पुण्याहून जी इंजिनियर पाठवली ती माझी मुलगी, शरयू.

आमचं दोघींचं बोलणं तीन वर्षं कामापुरतं होतं. तिने लग्न ठरवलं तेव्हा मी मुलाच्या ऑफिसात तिऱ्हाईत बनून फोन केला होता, हा खरंच तिथे नोकरीला आहे का म्हणून. मुलगा सोन्यासारखा निघाला, पण फोन कोणाचा ते त्याला कळलं. लग्न झालं, जावई मला अजूनही वाकून नमस्कार करतो. शरयू मात्र मिरजेत आली तरी गेस्ट हाऊसला उतरते. म्हणून आठ महिन्यांपूर्वी ती या कामासाठी पहिल्यांदा आली, तेव्हाच मी मनाशी ठरवलं की निदान या कामात पोरीच्या मागे पोलिसासारखं लागायचं नाही.

स्टोरेज निवृत्त करणं म्हणजे प्लग उपटणं नव्हे. आधी तिच्यावर कोण अवलंबून आहे ते शोधायचं. मग प्रत्येक विभाग सर्व्हरपासून सोडवायचा, सर्व्हर सुरू होताना वाचतो त्या यादीतून त्याचं नाव काढायचं, डिस्का झोपवायच्या आणि शेवटी केबली. त्यानंतर काहीही न करता थांबायचं. माझे गुरू बागवानसर याला बोंब-चाचणी म्हणत. तुम्हाला कितीही खात्री असो, जुनं मशीन बंद करून आठ दिवस तसंच ठेवायचं आणि कोण बोंब ठोकतो ते बघायचं. कोणीतरी ठोकतंच. कुठल्या तरी कोपऱ्यातल्या क्लार्कचा महिन्यातून एकदा लागणारा तक्ता अडतो आणि तो धावत येतो. आठ दिवस शांत गेले की मगच डिस्कांचा चुरा करायचा.

मी आठ दिवस मागितले, मला पाच मिळाले. सोमवारी सकाळी शरयू आणि मी केबली काढल्या.

"शंभर टक्के जुळणी झालीय," ती म्हणाली. "चौदा लाखांतली एकही नोंद वेगळी नाही. प्रमाणपत्र दिलंय मी तुला."

"वाचलंय."

"तरी पाच दिवस?"

"तरी पाच दिवस."

ती हसली नाही. केबलींवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि वर मीटिंगला गेली.

मंगळवार गेला, बुधवार गेला. कोणी आलं नाही. गुरुवारी मी स्वतःच विभागाविभागांतून फिरले. रक्तवाटपाच्या खिडकीवर मगदूम बसतात. त्यांना विचारलं, काही अडतंय का?

"न्हाई वो मॅडम. उलट झ्याक चाललंय. पयल्यापेक्षा फास्ट हाय की."

पहिल्यापेक्षा फास्ट. जुळणी चालू असताना, म्हणजे वारणा जोडलेली असताना, हाच बीजकोश जरा सावकाश उत्तर देत होता. आता वारणा गेली आणि तो वेगात आला. कोणीतरी काम कमी करत होतं.

शुक्रवारी सकाळी अकराला आमचे संचालक डॉ. पीरजादे कागद घेऊन माझ्या खोलीत आले. सभ्य माणूस, आवाज कधी चढवत नाही.

"आरगेमॅडम, निर्लेखनाच्या दाखल्यावर सही राहिलीय. डिस्का फोडणारी गाडी तीनला येतेय."

"सर, पाच दिवसांत एकही बोंब नाही."

"मग चांगलंच आहे ना?"

"बावीस वर्षांत मी अकरा मशिनं बंद केली. प्रत्येक वेळी कोणीतरी आलं."

"या वेळी काम नीट झालं असेल," ते म्हणाले आणि जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "शरयूचं काम आहे म्हणून तर नाही ना तुम्हाला…"

तीनपर्यंत वेळ द्या, एवढंच मागितलं.

कुठल्याही यंत्राला न विचारता जिचं खरं उत्तर मला माहीत आहे अशी नोंद हवी होती. चौदा लाखांत अशी एकच होती, माझी स्वतःची. शरयू जन्मली तेव्हा तिच्या रक्ताचे थोडे कण माझ्या रक्तात मिसळले. तिच्या तांबड्या पेशींवर तिच्या वडिलांकडून आलेली एक खूण होती, माझ्या पेशींवर ती नव्हती. माझ्या शरीराला ती परकी वाटली आणि त्याने तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार केली. दीड महिन्याने तपासणीत ती सापडली. किड नावाची ही अँटिबॉडी मोठी लबाड असते. दोन-तीन वर्षांत ती इतकी विरते की कुठल्याच चाचणीत दिसत नाही. पण शरीर विसरलेलं नसतं. ती खूण असलेलं रक्त पुन्हा चढवलं की अँटिबॉडी पुराच्या पाण्यासारखी परत येते, चढवलेलं रक्त फोडते आणि आठवडाभरात मूत्रपिंडं बंद पाडू शकते. अशा माणसाला वाचवणारी गोष्ट एकच, जुनी नोंद.

मी माझं नाव टाकलं. पापणी लवायच्या आत नोंद समोर आली. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, रक्तगट बरोबर, बाळंतपणाची तारीखसुद्धा बरोबर.

अँटिबॉडी: नाही.

शंभरातल्या नव्याण्णव बायकांच्या नोंदीत तिथे 'नाही' असतं. नियमाने तेच सांगितलं होतं. यादीने त्याचा कान धरायला हवा होता आणि यादी बोललीच नव्हती.

मी पळत खाली गेले. दोन्ही केबली लावल्या, कृष्णाला डिस्का नव्याने शोधायला सांगितलं, झोपलेले विभाग उठवले आणि एकेक करून पुन्हा जोडले. सात मिनिटं लागली. पुन्हा माझं नाव टाकलं.

अँटिबॉडी: किड, २०१४.

शरयूला फोन केला. ती जिन्यावरूनच बोलायला लागली.

"आई, आता काय सापडलं तुला?"

"तुझी अपवादयादी कुठे आहे?"

"बीजकोशात. कुठे असणार?"

"मला दाखव."

तिने माझ्या शेजारी बसून दाखवलं. बीजकोशात यादीच्या जागी यादी नव्हती, फक्त पत्ता होता. अपवाद तिकडे बघावेत. आणि तिकडे म्हणजे वारणावरच्या जुन्या अहवालांच्या विभागात, 'तात्पुरतं' नावाच्या फोल्डरमध्ये. शरयूच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, आणि मला वाटतं माझ्याही, कारण ते फोल्डर मी ओळखलं.

आठ महिन्यांपूर्वी बीजकोशाचा अर्धाच भाग आला होता, तेव्हा ती मला म्हणाली होती, "आई, आठ दिवसांपुरती जागा दे ना." तीन वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. आमच्या खोलीत नोंदवही आहे. कोणाला किती जागा दिली, कशाला, कधी परत घेणार, हे त्यात लिहिल्याशिवाय मी खुद्द पीरजादेंनाही बोटभर जागा दिली नसती. शरयूला दिली आणि लिहिलं नाही. जुन्या अहवालांचा विभाग नव्या यंत्रात न्यायचा नव्हताच, त्याच्या छापील प्रती होत्या. त्यामुळे आत कोणी डोकावलं नाही.

पण मग बोंब का झाली नाही? ज्यांनी युनिक्सवर आयुष्य काढलं त्यांना हे सांगावं लागत नाही, आणि तरी तेच यात फसतात. विभाग जोडलेला असतो तेव्हा त्याच्या दारातून आतलं सगळं दिसतं. विभाग सोडवला तरी दार तिथेच राहतं. उघडलं तर आत नुसती रिकामी खोली. कुलूप नाही, चूक झाल्याचा इशारा नाही. बीजकोशाने दार उघडलं, आत कागदाचा कपटा नाही असं बघितलं आणि तो समजला की अपवादच नाहीत. मग यादी चाळायचे कष्ट वाचले, म्हणून तो फास्ट झाला. पाच दिवस तो प्रत्येक माणसाला सर्वसाधारण माणूस ठरवत होता.

"पाच दिवसांत किती पिशव्या गेल्या?" शरयूने विचारलं. आवाज पार खाली गेला होता.

सहाशे चाळीस. त्या सगळ्या नावांची आम्ही यादीशी पडताळणी केली. एक नाव निघालं. गौरव्वा हुक्केरी, वय सहासष्ट, अथणीकडची. १४ वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेत चार पिशव्या चढवल्या होत्या, त्यानंतर किड अँटिबॉडी. आज साडेदहाला तिच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी दोन पिशव्या गेल्या होत्या. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

शरयू आणि मी धावत गेलो, तर पीरजादे मगदूमांच्या खिडकीशीच भेटले. गौरव्वाची नवी नोंद जुन्या नोंदीशी जुळत नाही, हे मी एका दमात सांगितलं.

"पण सर, बाईंचं सँपल मी सकाळीच लावलंय," मगदूम म्हणाले. "क्रॉसमॅच क्लीन हाय. कायबी दिसंना त्यात."

पीरजादे माझ्याकडे वळले. "मॅडम, आजची चाचणी नाही म्हणतेय. नवी नोंद नाही म्हणतेय. हो म्हणतेय ती फक्त एक चौदा वर्षांपूर्वीची ओळ, आणि तीही मोडीत निघालेल्या डिस्कवरची. तेवढ्यावर मी ऑपरेशनच्या टेबलावरचं रक्त थांबवू?"

"माझं रक्त घ्या आत्ता आणि तपासा," मी म्हणाले. "त्यातही काही दिसणार नाही. आणि तरी ही मुलगी जन्मल्यापासून ती अँटिबॉडी माझ्यात आहे. सर, तुम्ही डॉक्टर आहात, ही कशी लपते ते तुम्हाला मी सांगायला नको. थांबवा."

त्यांनी फोन उचलला. पलीकडच्या सिस्टरने सांगितलं की पहिली पिशवी लावून चार मिनिटं झालीत. पिशवी उतरवली. दोन्ही पिशव्या परत आल्या, मगदूमांनी स्वतः तपासल्या, आणि दोन्हींवर ती खूण निघाली. गौरव्वाला खूण नसलेलं रक्त शोधून दिलं. पुढे दहा दिवस तिच्या मूत्रपिंडांवर डॉक्टर डोळ्यांत तेल घालून बसले होते. चार मिनिटांत गेलेलं रक्त थोडं होतं, ते पचलं. म्हातारी काठी टेकत घरी गेली. तिला आम्ही काय झालं ते सांगितलं, आणि अँटिबॉडीचं नवं कार्डही दिलं.

पण त्या शुक्रवारी दुपारी हे काहीच माहीत नव्हतं. अडीच वाजता शरयू आणि मी सर्व्हरच्या खोलीत दोघीच होतो. तिने यादी बीजकोशात आणून ठेवली होती. दहा मिनिटांचं काम, आठ महिने राहिलेलं.

"आई," ती म्हणाली, "आता वारणावर खरंच काही उरलं नाही. तू परत एकदा तपास, हवं तर दहादा तपास. आणि सही कर."

"आणि झालं ते?"

"पीरजादेसरांनी अजून कारण विचारलेलं नाही. बीजकोशाची केबल सैल होती म्हणता येईल." ती माझ्याकडे बघत नव्हती. "ते फोल्डर नोंदवहीत नाही. आपल्या दोघींशिवाय कोणाला ठाऊकही नाही. माझी नोकरी जाईल गं. आणि तुझी सव्वीस दिवसांनी निवृत्ती आहे, तुझं नाव कशाला खराब करायचं? आपण दोघी गप्प बसलो तर कोणाचंच नुकसान नाही."

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. आपण दोघी. हे दोन शब्द मी तीन वर्षं ऐकले नव्हते. पिशवी वेळेत उतरवली होती, यादी जागेवर आली होती, आणि माझी पोर माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती. मी पेन उचललंसुद्धा.

मग माझी खोड आडवी आली.

"शरयू, बीजकोश आणखी कुठे बसवलास?"

"सात ठिकाणी."

"रक्तपेढ्याच?"

"रक्तपेढ्याच."

"तिथे यादी कुठे ठेवलीस?"

ती गप्प झाली. मी तिच्या लहानपणापासून तिची प्रत्येक गप्प बसण्याची तऱ्हा ओळखते. ही खोटं लपवायची नव्हती. ती आठवत होती, आणि जे आठवत होतं त्याने घाबरत होती.

"सगळीकडे सामान अर्धंच आलं होतं," ती हळूच म्हणाली. "सगळीकडे जुन्या स्टोरेजवरच जागा घेतली होती. नंतर यादी हलवली असेल… इथलीही मी हलवलीय असंच मला वाटत होतं."

"जुनी मशिनं?"

"दोन ठिकाणी बंद झालीत. एका ठिकाणी मागच्या महिन्यात, एका ठिकाणी या सोमवारी."

मी नोंदवही ओढली. आठ महिन्यांपूर्वीचं पान काढलं, समासात तारीख घातली आणि लिहिलं. जागा दिली, चारुशीला आरगे. कोणाला, शरयू आरगे. मुदत, आठ दिवस. परत घेतली का, नाही. नोंद त्याच वेळी का केली नाही, मुलगी म्हणून. खाली आजची सही केली. दाखल्यावर सही केली नाही.

शरयूने ते वाचलं. मला वाटलं आता ही उठून जाईल, आणि या वेळी गेस्ट हाऊसला नाही, कायमचीच जाईल. माझे डोळे भरून आले. मी ते लपवलंही नाही.

"आठ दिवस झाल्यावर तू विचारलं का नाहीस मला?" ती म्हणाली. "जागा रिकामी केलीस का म्हणून?"

"तुझ्यावर संशय घ्यायचा नव्हता मला."

"बाकी सगळ्या वेळी घेतलास!" ती ओरडली. मग तिचाही आवाज फुटला. "या एका वेळी तरी घ्यायला हवा होतास, आई."

तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, माझ्या सहीखाली तिची सही केली आणि फोन काढला. वर जाऊन पीरजादेंना सांगायचं होतं, तिच्या साहेबांना कळवायचं होतं, पण तिने पहिला नंबर लावला तो ज्यांचं मशीन मागच्या महिन्यात बंद झालं त्यांचा. स्पीकर चालू ठेवला.

"मी शरयू आरगे बोलतेय, तुमचा बीजकोश मीच बसवला होता. तुमच्या जुन्या डिस्का फोडल्या का?"

"मॅडम, त्या गोदामात पडल्यात, गाडी यायचीय अजून," पलीकडचा माणूस आनंदाने म्हणाला. "का हो? इकडे एकदम मस्त चाललंय. महिना झाला, कोणाची एक तक्रार नाही."

शरयूने डोळे पुसले.

"म्हणूनच फोन केलाय," ती म्हणाली.